मुंबईतील आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामन्यांचे आयोजन

मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रीडासामन्यांच्या आयोजनात मैदानाची उभारणी, प्रेक्षकांची आसनव्यवस्था, प्रवेशिकांचे वाटप, वाहतूक, सुरक्षा आणि प्रक्षेपण या अंगांचा समावेश होतो. मुंबईत ही अंगे प्रामुख्याने क्रिकेटच्या निमित्ताने विकसित झाली. दक्षिण मुंबईच्या चिंचोळ्या भूभागात बाँबे जिमखाना, ब्रेबर्न स्टेडियम व वानखेडे स्टेडियम ही तीन मैदाने एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. जागेची टंचाई आणि प्रेक्षकांची प्रचंड मागणी यांतील तफावत हे या इतिहासाचे मुख्य सूत्र होय. त्यामुळे प्रवेशिकांच्या वाटपाचा प्रश्न येथे निव्वळ हिशेबाचा राहिला नाही. मैदानावर हक्क कोणाचा, या प्रश्नाशी तो सतत निगडित राहिला.

भारतातील पहिला कसोटी सामना बाँबे जिमखान्याच्या मैदानावर १५ ते १८ डिसेंबर १९३३ या काळात भारत व इंग्लंड यांच्यात झाला. भारताचे नेतृत्व सी. के. नायडू यांच्याकडे, तर इंग्लंडचे डग्लस जार्डिन यांच्याकडे होते. लाला अमरनाथ यांनी या सामन्यात पदार्पणातच शतक (११८ धावा) झळकाविले. तथापि इंग्लंडने सामना नऊ गडी राखून जिंकला. जिमखाना ही युरोपियनांची संस्था असल्याने तेथे कायमस्वरूपी सार्वजनिक प्रेक्षागार नव्हते. सामन्यासाठी उभारलेले तात्पुरते सज्जे गर्दीने ओसंडून गेले. मुंबईस स्वतंत्र व कायमच्या स्टेडियमची निकड आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

१९३३ मध्येच क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली होती. बॅकबे भागात समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीपैकी काही जमीन तिने सरकारकडून घेतली. या कामी अँथनी डी मेलो यांचा पुढाकार होता. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्या हस्ते २२ मे १९३६ रोजी कोनशिला बसविण्यात आली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी लॉर्ड टेनिसन यांच्या संघाविरुद्धच्या सामन्याने स्टेडियम खुले झाले. डिसेंबर १९४८ पासून १९७३ पर्यंत मुंबईतील सर्व कसोटी सामने येथेच झाले. नोव्हेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात वेंकटराघवन यांना बाद दिल्यावरून प्रेक्षक प्रक्षुब्ध झाले व त्यांनी प्रेक्षागारात जाळपोळ केली. गर्दीचे नियमन हे आयोजनाचे स्वतंत्र अंग आहे, याची जाणीव या घटनेने तीव्रतेने करून दिली.

ब्रेबर्न स्टेडियम क्लबच्या मालकीचे, तर शहरातील क्रिकेटचा कारभार मुंबई क्रिकेट संघटनेकडे, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. संघटनेच्या वाट्यास किती आसने यावीत, यावरून दोन्ही संस्थांत वारंवार वाद होत. अखेर संघटनेचे अध्यक्ष व महाराष्ट्र विधानसभेचे तत्कालीन सभापती शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र स्टेडियम उभारण्याचा निर्णय घेतला. ब्रेबर्नपासून एक किमी.च्याही आत, रेल्वेमार्गास लागून, वास्तुशास्त्रज्ञ शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार ते अल्पावधीत उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध येथे पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. त्यांचे अभिनंदन करण्यास धावलेल्या एका प्रेक्षकास पोलिसांनी कठोरपणे वागविल्याने नव्या स्टेडियममध्येही दंगा उसळला. नवी वास्तू उभारल्याने आसनांचा प्रश्न सौम्य झाला. प्रेक्षकांशी कसे वागावे, हा प्रश्न मात्र कायम राहिला.

१९८७ ची विश्वचषक स्पर्धा ही इंग्लंडबाहेर झालेली पहिली स्पर्धा. १९८३ च्या अंतिम सामन्याच्या जादा प्रवेशिका भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष, नागपूरचे एन. के. पी. साळवे यांना लॉर्ड्‌सवर नाकारण्यात आल्या व त्यातून स्पर्धा उपखंडात आणण्याची कल्पना पुढे आली, असे सांगितले जाते. भारत व पाकिस्तान यांच्या संयुक्त समितीने २१ मैदानांवर २७ सामने घडवून आणले. येथील दिवस इंग्लंडमधील उन्हाळ्याच्या मानाने लहान असल्याने डावातील षटके ६० वरून ५० करण्यात आली. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडेवरील उपांत्य सामन्यात ग्रॅहम गूच यांच्या ११५ धावांच्या बळावर इंग्लंडने भारतास ३५ धावांनी हरविले. पुढे २७ फेब्रुवारी १९९६ रोजी याच मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया सामना प्रकाशझोतात खेळविण्यात आला.

राजकारण व सुरक्षा यांचाही आयोजनावर परिणाम झाला. १९९१ मध्ये शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली व पाकिस्तान संघाचा दौरा रद्द झाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईत ठरलेला इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना शहराबाहेर हलविण्यात आला. मार्च २००९ मध्ये लाहोर येथे श्रीलंकेच्या संघावर हल्ला झाला. त्यानंतर २०११ च्या विश्वचषकाच्या यजमानपदातून पाकिस्तान वगळला गेला आणि संयोजन समितीचे मुख्यालय लाहोरहून मुंबईस आले.

या स्पर्धेसाठी वानखेडे स्टेडियमची पुनर्बांधणी झाली. प्रेक्षकांची सोय वाढली. परंतु आसनक्षमता सु. ४५,००० वरून सु. ३३,००० वर आली. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्यासाठी सर्वसाधारण विक्रीस सु. ४,००० प्रवेशिकाच उरल्या. उर्वरितांचा मोठा हिस्सा मुंबई क्रिकेट संघटनेचे संलग्न क्लब व आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद यांच्याकडे गेला. विक्री सुरू होताच संकेतस्थळ बंद पडले. क्लबांचा हक्क निराधार म्हणता येत नाही. कारण दादरच्या शिवाजी पार्कसारख्या मैदानांवर वर्षभर खेळ जिवंत ठेवण्याचे काम तेच करतात. परंतु गिरगाव, परळ, लालबाग येथील जो सामान्य रसिक कोणत्याही क्लबचा सभासद नाही, त्यास आपल्याच शहरातील अंतिम सामना दूरदर्शन-संचावर पाहावा लागला. प्रेक्षकांच्या गजरात नाणेफेकीचा कौल सामनाधिकाऱ्यांना ऐकू न आल्याने नाणेफेक पुन्हा करावी लागली. श्रीलंकेच्या ६ बाद २७४ धावांना उत्तर देताना भारताने सहा गडी राखून विजय मिळविला.

२०२३ च्या विश्वचषकातील उपांत्य सामन्यासह पाच सामने वानखेडेवर झाले. ४ जुलै २०२४ रोजी ट्‌वेंटी-२० विश्वविजेत्या संघाच्या मिरवणुकीसाठी नरिमन पॉइंटपासून वानखेडेपर्यंत मरीन ड्राइव्हवर अफाट जनसमुदाय लोटला. प्रवेशिका नसलेला प्रेक्षकही सोहळ्याचा भागीदार असतो आणि त्याच्या येण्याजाण्याची व सुरक्षिततेची तरतूद स्टेडियमच्या भिंतीबाहेरही करावी लागते, हे त्या दिवशी दिसून आले. नव्वद वर्षांत मुंबईने मैदाने बांधली, प्रकाशझोत आणले, अंतिम सामनेही यशस्वी केले. मर्यादित आसनांचे न्याय्य वाटप मात्र तिला अद्याप पूर्णपणे साधलेले नाही.