लाखेवरचा विवाल्दी

देवळाली कॅम्प वसला तो गोऱ्या पलटणींसाठी, १८६१ च्या सुमारास. विलायतेहून आलेले सोल्जर आधी इथे थांबत, आणि तिकडे परतणारे इथे जहाजाची वाट बघत पडून असत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हातात धरून नेता येणारा फोनो निघाला आणि खंदकांपर्यंत पोचला. कॅम्पातही तो वाजला असेलच. पण त्यावर विवाल्दीचे 'चार ऋतू' हे व्हायोलिनचे चार कन्चेर्टो वाजले असं कोणी सांगू लागलं, तर ती थाप समजावी. ते तबकडीवर यायला अजून पाव शतक होतं.

व्हेनिसचा हा व्हायोलिनवादक पाद्री १७४१ साली व्हिएन्नात वारला आणि लोक त्याला पार विसरले. 'चार ऋतू' १७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला छापून आले होते, तरीही. नामांकित वादक फ्रिट्झ क्रायस्लर 'विवाल्दीचा' म्हणून एक कन्चेर्टो वाजवत असे. तो आपणच रचला होता, हे त्याने १९३५ मध्ये कबूल केलं. तोवर खपून गेलं, कारण ताडून बघायला खरा विवाल्दी ऐकलेले होते किती?

दरम्यान १९२६ मध्ये इटलीतल्या सालेसियन पंथाच्या पाद्र्यांच्या एका विद्यालयाने इमारतीच्या दुरुस्तीसाठी जुनी बाडं विकायला काढली. तूरिनच्या विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवणाऱ्या अल्बेर्तो जेन्तीलीने ती उघडली, तर आत विवाल्दीची हस्तलिखितं! उरलेला साठा १९३० मध्ये हाती लागला. दोन्ही खेपेला पैसे देणाऱ्या गृहस्थांची लहान मुलं वारली होती, त्या मुलांचीच नावं संग्रहांना आहेत. जेन्तीली मात्र ज्यू. इटलीच्या फॅसिस्ट सरकारच्या १९३८ च्या वंशकायद्यांनी त्याची नोकरी घेतली, आणि पुढच्याच वर्षी सिएनात विवाल्दी सप्ताह थाटात झाला तो त्याच्याविना. हा अन्याय मला क्रायस्लरच्या लबाडीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

इटालियन वाद्यवृंदसंचालक बेर्नार्दिनो मोलिनारीने १९४२ मध्ये 'चार ऋतू' मुद्रित केले, ते सहा तबकड्यांवर निघाले. चारेक मिनिटं झाली की तबकडी उलटायची. जगभर डंका वाजला तो लुई कॉफमनमुळे. हा हॉलिवूडच्या सिनेमांत व्हायोलिन वाजवणारा माणूस. १ जानेवारी १९४८ पासून अमेरिकेतल्या वादकांचा ध्वनिमुद्रणावर बहिष्कार सुरू होणार होता, म्हणून त्याने डिसेंबर १९४७ च्या अखेरीस कार्नेगी हॉलमध्ये घाईघाईने काम उरकलं. त्या घाईला १९५० साली फ्रान्सचं मोठं पारितोषिक मिळालं.

आता तबकडीबद्दल. ७८ फेऱ्यांच्या काळ्या तबकडीत दगडाची पूड, काजळी आणि ते सगळं बांधून ठेवणारी लाख असे. जगाला ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवरचे किडे ती करतात. आपल्या गोंदियाकडे अजूनही लाख काढतात.

देवळालीच्या जुन्या बंगल्यांच्या माळ्यावर अशा तबकड्या निघाल्या, तर भंगारात देऊ नका. एकीवर एक न रचता उभ्या ठेवा. आणि स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख त्यात विरघळते.