लहान घर, मोठा सण

सण मोठा आणि घर लहान, ही अडचण काही आपल्याच वाट्याला आलेली नाही. दिवाळीला लेकी-जावई येतात, जत्रेला पाव्हणे येतात, आणि दोन खणांच्या घरात पंधरा पानं मांडायची कुठं, असा पेच घरधनिणीपुढं पडतो. हाच पेच एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गरीब वस्तीतल्या बायांपुढं दर डिसेंबरात पडत असे. त्यांचा सण म्हणजे नाताळ. घर एक-दोन खोल्यांचं, हातावरचं पोट, थंडी कडाक्याची. आणि त्या दिवशी सगळ्या कुटुंबानं एकत्र बसून पोटभर गरम जेवायचं, ही वर्षाची एक हौस. ती हौस त्यांनी कशी भागवली, ती हकीकत आज सांगायची आहे. इतिहास केवळ राजवाड्यात घडत नाही, तो चुलीपाशीही घडतो.

आधी काळ ध्यानात घेऊ. १८०१ च्या खानेसुमारीत लंडनची वस्ती दहा लाखांच्या आसपास होती. १८५१ मध्ये ती तेवीस लाखांवर गेली. ही माणसं बरीचशी खेड्यापाड्यांतून आलेली. गावाकडं कुठं जमीनदाराच्या वाड्यावर नाताळात कुळांना जेवण असे, सरपणाला रान असे. शहरात यातलं काही नाही. खोलीला भाडं, कोळसा विकतचा. भिंतीत एक उघडी शेगडी असायची. तिच्यावर पाणी उकळावं, बटाटे शिजवावेत. पण आख्खा पक्षी भाजायचा तर बंद भट्टी पाहिजे, ती कुठून आणायची?

आणि नाताळच्या जेवणात भाजलेला पक्षी तर हवाच. श्रीमंताकडं टर्की, गरिबाकडं गूज. गूज म्हणजे बदकाच्याच कुळातला, पण बदकाहून पुष्कळ मोठा पक्षी. आपल्या हितगुजाशी त्याचा काही संबंध नाही, बरं का! हे पक्षी नॉरफोक आणि सफोक या परगण्यांतून लंडनला येत; आणि गंमत अशी, की आगगाडी सुरू होण्यापूर्वी ते पायी चालत येत! डॅनियल डीफो या लेखकानं १७२४ पासून छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात हे नोंदवून ठेवलं आहे. ऑगस्टात सुगी आटोपत आली, की कळप निघायचे. वाटेतल्या कापणी झालेल्या शेतांत सांडलेले दाणे टिपत टिपत चालायचे. ऑक्टोबरअखेर रस्त्यांत चिखल होऊन त्यांचे पसरट पाय रुतू लागेपर्यंत ही चाल सुरू असे. आपल्याकडं धनगराची मेंढरं सुगीनंतर शेतात बसतात, तसाच हा प्रकार.

पक्षी लंडनला पोचला खरा. पण तो मजुराच्या घरी कसा पोचायचा? एकदम एवढे पैसे काढायचे कुठून? यावर लोकांनी जी तोड काढली, ती ऐकून आपल्याला घरचंच माणूस भेटल्यासारखं वाटेल. ती म्हणजे चक्क भिशी. तिला ते म्हणत ‘गूज-क्लब’. वस्तीतल्या गुत्त्याचा मालक बहुधा हा क्लब चालवी. सभासदानं दर आठवड्याला थोडे पेन्स भरायचे आणि नाताळच्या तोंडावर एक गूज घेऊन जायचा. पुष्कळ ठिकाणी जोडीला दारूची एक बाटलीही मिळे. हिशेब करून पाहू. त्या वेळी बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड असे. समजा, एखाद्यानं आठवड्याला तीन पेन्स भरले, तर चोवीस आठवड्यांत बहात्तर पेन्स, म्हणजे सहा शिलिंग जमले. आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवणाऱ्यानं सहा शिलिंग एकदम खर्चायचे म्हटलं, तर घरात उपास पडेल. तीन पेन्स बाजूला काढणं मात्र त्याच्या आवाक्यातलं असतं.

हा क्लब इतका सर्वांच्या ओळखीचा होता, की शेरलॉक होम्सच्या १८९२ सालच्या एका कथेत चोरलेलं निळं रत्न ज्या गूजच्या पोटात सापडतं, तो पक्षी अशाच एका गुत्त्यातल्या क्लबातून आलेला असतो. पण या व्यवस्थेत एक खोट होती. पैसे भरायचे गुत्त्यात. तेव्हा तीन पेन्स भरायला गेलेला माणूस सहा पेन्सची पिऊन परत येण्याचं भय होतंच. आणि कुठं कुठं पैसे गोळा करणारा ऐन सणाच्या तोंडावर पसारही होई. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन साठवलेलं जेवण असं एका रात्रीत नाहीसं व्हायचं.

बरं, पक्षी मिळाला. आता भाजायचा कुठं? तर पाववाल्याच्या भट्टीत! रविवारी आणि नाताळच्या दिवशी कायद्यानं पाव भाजायला मनाई होती. मात्र गिऱ्हाइकांचं जेवण भाजून द्यायला सवलत होती. भट्टी रिकामी आणि तापलेली. मग सकाळी बाया आणि पोरं आपापली भांडी घेऊन निघायची. थोडे पेन्स देऊन भांडं ठेवायचं आणि दुपारी भाजलेलं जेवण झाकून घरी आणायचं. आपल्याकडं घरोघर भट्टी नव्हती, तेव्हा नानकटाईचं पीठ मळून, ताटांत मांडून बेकरीवर नेत. हरभरे भाजायला भडभुंजाकडं देत. अगदी तसंच. ज्याच्या घरात भट्टी नाही, त्याच्यासाठी गल्लीतली भट्टी हीच घरची भट्टी.

आणि याच भट्टीवर एकदा गदा येण्याची वेळ आली होती. सर अँड्र्यू अ‍ॅग्न्यू नावाच्या खासदारानं १८३० नंतरच्या दशकात पार्लमेंटात पुन्हा पुन्हा एक विधेयक आणलं. रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी सगळे व्यवहार बंद, असा त्याचा रोख. वरवर पाहता धर्माची गोष्ट. पण पाववाल्याची भट्टी बंद झाली तर उपाशी कोण राहणार? श्रीमंताच्या घरी स्वयंपाकी असतो. त्याच्या चुलीला कायद्याची झळ लागत नाही. गरिबाला आठवड्यातून एकदा मिळणारं भाजलेलं जेवण तेवढं जायचं. चार्ल्स डिकन्स त्या वेळी चोवीस वर्षांचा होता. १८३६ मध्ये त्यानं टोपणनावानं एक पुस्तिका काढून या विधेयकावर टीकेची झोड उठवली. ते विधेयक कधीच मंजूर झालं नाही.

हाच डिकन्स १८४३ च्या डिसेंबरात ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही छोटी कादंबरी घेऊन आला. लहान घरातला मोठा सण पाहायचा असेल, तर या पुस्तकातलं क्रॅचिट कारकुनाचं घर पाहावं. पगार आठवड्याला पंधरा शिलिंग, मुलं सहा. गूज पाववाल्याकडून भाजून आणलेला. पक्षी एकच, पण त्याच्याबरोबर कुस्करलेले बटाटे आणि सफरचंदाची चटणी भरपूर, म्हणून तो सगळ्यांना पुरतो. पुरवठ्याला आणणं ही विद्या आपल्या बायांना काही शिकवायला नको! एक मुलगा बटाटे कुस्करतो, एक मुलगी चटणीत साखर घालते, धाकटी दोघं खुर्च्या मांडतात. पुडिंग उकडलंय कपडे धुवायच्या हंड्यात. एवढ्या माणसांना ते लहान आहे, असं कुणीही म्हणत नाही. म्हणायची लाज वाटेल, अशी त्या घराची रीत. घरात काचेची भांडी म्हणाल तर दोन पेले आणि एक कान तुटलेला कप. पण सणात उणं काही नाही.

त्याच पुस्तकात फेझीविग नावाचा एक दिलदार व्यापारी आहे. नाताळच्या आदल्या रात्री तो आपल्या वखारीतलं सामान बाजूला सारतो, जमीन झाडून घेतो, दिवे लावतो, विस्तव रसरशीत करतो, की झाला दिवाणखाना! सारंगीवाला येतो, मोलकरीण आणि तिचा नातेवाईक पाववाला येतो, स्वयंपाकीण आणि दूधवाला येतो; धनी ज्याला पोटभर जेवायला घालत नाही अशी शंका, तो समोरचा पोरगाही येतो. जेवणात थंड मांसाचे प्रकार, केक आणि बिअर. गरम गरम वाढायची धावपळ नाही. खर्च सारा तीन-चार पौंड. डिकन्सला सांगायचं आहे ते हेच, की या चार पौंडांत जो आनंद मिळाला, त्याचं मोल पैशात करता येत नाही.

मात्र एक गोष्ट नजरेआड करू नये. त्या सुंदर पुस्तकाची किंमत होती पाच शिलिंग, म्हणजे क्रॅचिटच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा! ज्याची ही कहाणी, त्याला ती विकत घेणं परवडलं नसतं.

तेव्हा गरिबाच्या सणाचा खरा प्रश्न होता तो हा, की त्याचे चार पेन्स सुरक्षित कुठं राहतील? ब्रिटनमध्ये १८६१ साली पोस्टाची बचत बँक निघाली. पण तिथं एका वेळी निदान एक शिलिंग भरावा लागे. १८८० मध्ये हेन्री फॉसेट पोस्टमास्तर जनरल झाले. ते तरुणपणीच एका अपघातात आंधळे झालेले, आणि पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू इतक्या कळकळीनं मांडत, की लोक त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत. त्यांनी एक साधी युक्ती काढली. पोस्टातून फुकट एक कागद घ्यायचा, त्यावर जमेल तसं एकेक पेनीचं तिकीट चिकटवायचं. बारा तिकिटं झाली, की झाला शिलिंग. तो पोस्टात आपल्या नावावर जमा. आता पेनी ठेवायला गुत्त्याची पायरी चढायची गरज उरली नाही. पुढं १८९० नंतर पेनी टाकून गॅस मिळणारी यंत्रं गरिबांच्या घरांतून बसू लागली, तशी घरोघर गॅसची शेगडीही आली, आणि पाववाल्याच्या भट्टीपुढची रांग हळूहळू ओसरत गेली.

पण नाताळच्या भिशा काही गेल्या नाहीत. आणि धोकाही गेला नाही. २००६ च्या ऑक्टोबरात, नाताळ दोन-अडीच महिन्यांवर आला असताना, ब्रिटनमधली ‘फेअरपॅक’ नावाची नाताळ-बचत कंपनी बुडाली. शेजारणी-पाजारणींमार्फत महिन्याच्या महिन्याला पैसे भरणारी लाखाहून अधिक माणसं त्यात होती. त्यांची शिल्लक वेगळी, सुरक्षित ठेवलेलीच नव्हती. पुढं कित्येक वर्षांनी त्यांना आपल्या पैशांचा काही भाग परत मिळाला. पण त्या वर्षीचा नाताळ गेला तो गेलाच.

श्रोतेहो, या सगळ्या हकीकतीतून दिसतं ते एवढंच. घर लहान म्हणून सण कधी अडला नाही. खुर्च्या उसन्या मिळतात, वखार झाडून घेता येते, बटाटे वाढवून एक पक्षी आठ पानांना पुरवता येतो. सण अडला तो दोनच वेळा: सामाईक भट्टी बंद पडू लागली तेव्हा, आणि सामाईक पैसा कुणी खाल्ला तेव्हा. शिक्षकमंडळींनी हा तीन पेन्सचा हिशेब मुलांना फळ्यावर अवश्य करून दाखवावा. आणि गावात भिशी असेल, तर माउल्यांनी भिशी चालवणाऱ्याला एक प्रश्न विचारायला संकोच करू नये: बाबा रे, आमचे पैसे ठेवलेस कुठं? हा प्रश्न वेळेवर विचारला, तर लहान घरातला मोठा सण सुखात पार पडेल.