गल्ला न दिसणारं दुकान

उंची पोशाखांच्या दुकानात शिरलं की आधी डोळ्यांत भरतात ती झुंबरं, गालिचे, आरसे. कपडे मोजकेच, आणि गल्ला शोधूनही सापडत नाही. ही सगळी सजावट माल खुलवण्यासाठी, अशी सर्वसाधारण समजूत. इतिहास चाळला तर ती अर्धीच खरी ठरते. सजावटीचं मोठं काम इथे विक्री चालते हे झाकणं. ही गरज पडली पॅरिसमध्ये. 1852 मध्ये आरिस्तिद बूसिको यांनी ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदारी घेतली आणि किमतीच्या चिठ्ठ्या लावलेला माल सर्वांसमोर मांडला. कुणीही यावं, हात लावून पाहावं, न घेता परत जावं. याच दशकाच्या अखेरीस चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा इंग्रज र्‍यू द ला पे या रस्त्यावर उमरावांसाठी पोशाख शिवू लागला. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी त्याची गिऱ्हाईक झाली. अशा गिऱ्हाइकाला त्या गर्दीतल्या दुकानापासून वेगळं काढायचं, तर आपली जागा दुकान वाटूनच चालणार नव्हती. मग दिवाणखान्यांची रांगच उभी राहिली: पहिल्यात फक्त काळी-पांढरी रेशमं, दुसऱ्यात रंगीत, पुढे मखमली, आणि सगळ्यात शेवटी पडदे ओढून गॅसबत्त्यांनी उजळलेली एक खोली.

ही शेवटची खोली माझ्या म्हणण्याला आडवी येते, असं कुणी म्हणेल. रात्रीच्या नाचात घालायच्या झग्याचा रंग दिवसाउजेडी पारखून उपयोग नाही. गॅसच्या पिवळट उजेडात निळा हिरवट भासू शकतो. म्हणजे ही सोय निव्वळ कापडासाठी. मान्य. पण तो उजेड दुकानाचा नव्हता, उमरावाच्या नाचघराचा होता. खरेदीला आलेली बाई क्षणभर स्वतःच्याच मेजवानीत उभी राहत होती, आणि मेजवानीत भाव कोण विचारतो? (आपल्या पेठांतली गादीवरची दुकानं याच्या अगदी उलट. तिथे ताग्यांचा ढीग गिऱ्हाइकाच्या पुढ्यातच पडतो आणि घासाघीस उघड्यावर होते. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.)

हीच युक्ती पुढच्या शतकातही दिसते. डिसेंबर 1946 मध्ये पोशाखकार क्रिस्तियाँ दियोर यांनी पॅरिसमध्येच 30, अव्हेन्यू माँतेन्य इथे दार उघडलं. मागे पैसा कापड-गिरण्यांचे मालक मार्सेल बुसाक यांचा. सजावटकार व्हिक्टर ग्रांपिएर यांनी ती जागा पांढऱ्या आणि मोतिया-करड्या रंगांत, सोळाव्या लुईच्या धाटणीत सजवली. दियोर यांना लहानपणच्या घरांत भेटलेली ती धाटणी. युद्धानंतरच्या टंचाईत, कापड अजून जपून वापरलं जात असताना, घेरदार झगे विकायला आठवणीतल्या सुबत्तेचं घर लागलं.

‘पण आजची दुकानं तर रिकामी, पांढरीफटक असतात, त्यात कसला दिवाणखाना?’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1995 मध्ये वास्तुकार जॉन पॉसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर केल्विन क्लाइनच्या दुकानासाठी दगडी फरशी आणि कोऱ्या भिंती ठेवल्या. नक्षी गेली, झाकणं मात्र राहिलं. दिवाणखान्याच्या जागी कलादालन आलं, एवढंच. जिथे फूटफूट जागेला सोन्याचा भाव, तिथे मोकळी सोडलेली जमीन हाच सगळ्यात महाग ऐवज. 2001 मध्ये वास्तुकार रेम कूलहास यांनी प्राडाचं दुकान थाटलं तेही न्यूयॉर्कच्या सोहो भागात, जिथे आधी गुगेनहाइम संग्रहालयाची शाखा होती तिथेच. लाकडी जमीन लाटेसारखी खाली उतरवली. तिच्या पायऱ्यांवर दिवसा बूट मांडायचे आणि कार्यक्रमाच्या वेळी प्रेक्षक बसवायचे.