माहेर, सासर आणि केडगावची वाट

भीमा आणि मुळा-मुठेच्या खोऱ्यातल्या शेतकरी घरांत बाईची दोन घरे मानली जात: जन्माचे माहेर आणि लग्नाचे सासर. माहेरी ती पाहुणी आणि सासरी राबणारी. जमीन मात्र दोन्हीकडे पुरुषांच्या नावावर असे. दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या बायकांचा रोजच्या पुरुषी सत्तेशी झालेला सामना या दोन घरांच्या हद्दीत घडला. त्या हद्दीबाहेर तिसरी जागा कुठे आणि केव्हा मिळाली, यावर या सामन्याचे बरेच काही अवलंबून राहिले. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन आणि यवतच्या दरम्यान वसलेल्या कासुर्डीला हा इतिहास अगदी शेजारचा आहे. तिथून पूर्वेला, त्याच दौंड तालुक्यात केडगाव आहे आणि अशी एक जागा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे उभी राहिली.

भीमेच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले, बाजरी-ज्वारीचे. कालव्याचे पाणी आणि त्यामागून ऊस आला तो पुढे. गिरणी गावात येईपर्यंत घरचे पीठ बाईलाच दळावे लागे. पहाटे पुरुष झोपेत असताना सासू-सुना किंवा दोघी जावा जात्याला समोरासमोर बसत, एकच खुंटा धरून ओढत आणि ओवी म्हणत. दिवसभरात बाईला स्वतःशी किंवा दुसऱ्या बाईशी मोकळे बोलण्याची एवढीच वेळ. अशा ओव्यांचा मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्यातल्या आणि पुढे इतर भागांतल्या गावांत फिरून केला. संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण करून त्याची सूची बांधली. शिरूर तालुक्यातले सविंदणे त्या गावांपैकी एक. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा ठेवा २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘परी’ या संस्थेने लोकांपुढे आणला.

या ओव्यांत सर्वाधिक वावर आहे तो भावाचा. सणाला न्यायला येणारा मुऱ्हाळी, त्याची वाट, त्याने घेतलेली चोळी, वहिनीचे उतरलेले तोंड आणि आई गेल्यावर परके झालेले माहेर हे विषय पुन्हापुन्हा येतात. सीतेचा वनवास गाताना गाणारी आपलाच संसार सांगते. बाईचा जन्म का दिला, असा जाब आईला आणि देवाला विचारला जातो. नवऱ्याविषयीची तक्रार मात्र बहुधा आडून येते. या ओव्यांना सरसकट बंडाची गाणी म्हणणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. त्याच बाया मुलगा व्हावा म्हणून नवस गातात, भावाच्या वाड्याचा आणि बैलजोडीचा तोरा मिरवतात. ओवीत दुखणे नेमके सांगितले जाते. त्यावर सुचवला जाणारा उपाय मात्र भाऊच असतो. एका घरी जाच झाला तर दुसऱ्या घराकडे बघायचे, एवढाच मार्ग गाणारीच्या माहितीतला होता.

दोन्ही घरे बंद होत ती वैधव्यात, आणि ती कशी बंद होत हे जातीवर ठरे. ब्राह्मण घरांत केशवपन, एकवेळचे जेवण आणि कोपऱ्यातले जगणे. कुणबी, माळी, धनगर आणि इतर अनेक जातींत पाट लावण्याची म्हणजे पुनर्विवाहाची मोकळीक होती, काडीमोडही होत असे. स्वतःला कुळवंत म्हणवणारी मराठा घराणी मात्र ब्राह्मणांचे पाहून पाट बंद करत गेली. मोकळीक होती तिथेही ती फुकट मिळत नसे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने हिंदू विधवेच्या लग्नाला मान्यता दिली खरी, पण पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरचा हक्क त्याच कायद्याने काढून घेतला. सुधारणेच्या इतिहासात हा कायदा विजय म्हणून सांगितला जातो. दुसरा घरोबा केल्यावर पहिल्या घरची जमीन सुटलेल्या बाईला त्यात विजय दिसला नसता.

तिसऱ्या जागेचा पहिला मोठा प्रयोग पुण्यात झाला. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गरोदर विधवेने तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा न्यावे, अशी ती सोय होती. ती बाळंतपणापुरती होती. कायम राहण्याची जागा त्यातून झाली नाही.

ते काम केले पंडिता रमाबाईंनी, आणि त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात माहेर-सासर हा साचा जवळजवळ नव्हताच. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराण सांगत देशभर फिरे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात ओलांडून नोंदणी विवाह केला आणि १८८२ च्या आरंभी त्या विधवा झाल्या. कडेवर मनोरमा ही लहान मुलगी. त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला स्त्री-शिक्षक हवेत आणि बायकांना तपासायला स्त्री-डॉक्टर, ही त्यांची मागणी होती. शिकलेले पुरुषच स्त्रीशिक्षणाच्या आड येतात हेही त्यांनी तिथे स्पष्ट सांगितले.

इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत व्याख्याने देऊन आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजी पुस्तक लिहून त्यांनी पैसा उभा केला. मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. गोदूबाई या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्याच साली सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते असा गहजब झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. या भांडणात दोन्ही बाजूंचे म्हणणे छापून आले. ज्या विधवांना सदनातून परत नेले, त्यांना राहायचे होते की जायचे होते, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

सदनाला कायमचे उत्पन्न असावे म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली होती. १८५८ पासून पुण्याहून पूर्वेकडे गाडी धावू लागली होती आणि केडगाव त्याच लोहमार्गावर येत असल्याने जागा सोयीची होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. लहानपणी स्वतः दुष्काळ भोगलेल्या बाईचा तो निर्णय होता. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले आणि केडगावच्या शेतावर मुक्काम पडला. १८९८ मध्ये तिथे मुक्ती सदन रीतसर सुरू झाले. १९०० च्या गुजरात-काठेवाडच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

मुक्तीमध्ये कोणते काम कुणाचे, याची नेहमीची वाटणी मोडली गेली. बाया विहिरीच्या आणि शेताच्या कामावर होत्या, विणकाम करत, तेलाचा घाणा आणि गोठा चालवत. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही त्याच होत्या. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. फसवल्या गेलेल्या किंवा बाजारात बसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन हा वेगळा विभाग होता. बाईचा ‘पाय घसरला’ की माहेर आणि सासर एकाच वेळी दार लावत, त्यामुळे या विभागाचे मोल मोठे होते. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यातून, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये बाहेर पडले. मनोरमा १९२१ मध्ये आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संस्था केडगावला आजही आहे.

या जागेची किंमतही होती. मुक्तीत येणे म्हणजे व्यवहारात बहुतेकींसाठी ख्रिस्ती होणे आणि नातेवाइकांना कायमचे मुकणे. म्हणून ती दोन्ही घरांनी टाकलेल्यांचीच जागा राहिली. नांदत्या बाईला, म्हणजे मार खाऊनही घर न सोडणाऱ्या बहुसंख्य बायकांना, तिचा उपयोग नव्हता. कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेला आणि नंतर हिंगण्याला नेलेला विधवाश्रम धर्म न सोडता शिकायची सोय देणारा होता, पण तोही दीर्घकाळ मुख्यतः ब्राह्मण विधवांचाच राहिला. कासुर्डीसारख्या गावातली शेतात राबणारी विधवा हिंगण्याच्या हिशेबात आली नाही, आणि रेल्वेने जवळ असलेले केडगाव समाजाच्या हिशेबाने तिला दूरच होते.

गावातल्या बाईला घराबाहेरची जागा मिळाली ती पुन्हा दुष्काळातच. १९७२ च्या दुष्काळात दौंड-शिरूरच्या बाया खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला गेल्या. सुकडी खाऊन दिवस काढला आणि मजुरी स्वतःच्या हातात घेतली. यातूनच रोजगार हमी योजना पक्की झाली आणि तिचा कायदा १९७९ पासून लागू झाला. कामाच्या दरात बाई-पुरुष असा भेद त्यात नव्हता. शेतमजुरीत बाईची रोजंदारी पुरुषापेक्षा कमी ठरलेली असताना ही बाब लहान नव्हती. ऊस वाढल्यावर मात्र उलटे झाले. मराठवाड्यातून या भागात येणाऱ्या तोडणी कामगारांत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हाती पडते. बाईची अर्धी मजुरी मोजलीच जात नाही.

जमिनीचा प्रश्न सर्वांत उशिरा आला, आणि तोच सर्वांत अवघड निघाला. हा मुलूख कागदाचे मोल जाणणारा आहे. १८७५ मध्ये सावकारांचे रोखे जाळणाऱ्या शेतकऱ्यांचा उठाव सुप्यात पेटला आणि शिरूर-भीमथडीत पसरला. पण सातबाऱ्यावर बाईचे नाव शोधायचे तर जुन्या उताऱ्यांत ते क्वचित सापडते. थोरला भाऊ ‘ए.कु.पु.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा पुढारी, म्हणून लागे आणि बहिणींची व आईची नावे अनेकदा ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकलली जात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मसिद्ध हक्क फक्त मुलांचाच ठेवला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, राज्याच्या पहिल्या महिला धोरणाच्या काळात, मुलीलाही तो हक्क दिला. त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. म्हणजे त्या वेळी जमीन कसणाऱ्या पिढीच्या बहुतेक बहिणी बाहेरच राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद काढला. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले.

कायद्यावर गावाचे उत्तर म्हणजे हक्कसोडपत्र. वडील वारले की वारसनोंद होते, बहिणींची नावे लागतात, आणि थोड्याच दिवसांत त्यांना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन सही घेतली जाते. मोबदला म्हणून चोळी-बांगडी. लग्नात खर्च केला, हुंडा दिला, हा युक्तिवाद ठरलेला. ही सही नेहमी धाकाने होते असे नाही. भाऊबीज, आजारपण, मुलीचे बाळंतपण, नवऱ्याने हाकलले तर चार दिवस टेकायची जागा, एवढे सगळे त्या एका सहीवर टिकते हे बहिणीला ठाऊक असते. दोन गुंठ्यांच्या बदल्यात माहेर गमवायचे का, हा तिचा हिशेब अडाणीपणाचा नाही. तो ओवीतल्या भावाचाच हिशेब आहे. सोलापूर रस्त्याकडेच्या जमिनींना भाव आल्यावर दुसरी बाजूही उभी राहिली. सासरची माणसे तिला वाटा माग म्हणून भरीला घालतात. भाऊ सही कर म्हणतो, नवरा करू नको म्हणतो, आणि हक्क तिचा असला तरी निर्णय दोघांपैकी एकाचा ठरतो.

सासरच्या जमिनीकडून हा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने केला. जोशींचे आंबेठाण शिरूरच्या शेजारच्या खेड तालुक्यातले. १९८६ च्या चांदवड महिला अधिवेशनानंतर निघालेल्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करावी, असे आवाहन होते. बायकोचे नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट सरकारनेही नंतर मोकळी केली. मोहीम गाजली, पण नवऱ्याच्या मनावर सोडलेली गोष्ट होती तितकीच चालली. पंचायतीतले स्थान त्यापेक्षा लवकर मिळाले. बारामती तालुक्यातल्या निंबुत गावात १९६० च्या दशकातच संपूर्ण महिलांची ग्रामपंचायत होती. ७३ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आणि २०११ पासून राज्यात निम्म्या जागा बायकांकडे आल्या. त्याबरोबर सरपंचपतीही आले. पण सही बाईची लागते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निवडून आलेल्या अनेकींनी ती विचारून नव्हे तर वाचून करायला सुरुवात केली.

बहिणीच्या सहीचेही मोल अलीकडे बदलले आहे ते जमीन विकत घेणाऱ्यांमुळे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदलेली वाटणी सोडली तर मुलीचा हक्क केव्हाही पुढे येऊ शकतो, म्हणून खरेदीदाराचा वकील तीस वर्षांचे दप्तर तपासतो आणि प्रत्येक बहिणीची संमती मागतो. ती नसेल तर व्यवहार अडतो. त्यामुळे यवत-केडगाव पट्ट्यात जमीन विकताना बहिणींना रोख रक्कम किंवा एखादा प्लॉट देऊन खरेदीखतावर त्यांची सही घेण्याचा रिवाज वाढतो आहे. रक्कम किती, हे अजून बहुधा भाऊच ठरवतात.