गोठा आधी, शेत नंतर

शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये आता एक दिनक्रम ठरूनच गेला आहे. उठायचं, गोठ्यात जायचं, वैरण टाकायची, एकेका जनावराच्या अंगावरून हात फिरवायचा, धार काढायची आणि मग शेताकडे वळायचं. या दिनक्रमाचं मूळ जपानमध्ये आहे.

यासुहिरो वादा क्यूशू बेटावरच्या मियाझाकी प्रांतात वाढले. तरुणपणी त्यांना गाव नकोसं झालं होतं. तोक्योत पॅक-इन-व्हिडिओ या कंपनीत गेम बनवू लागल्यावर मात्र त्याच गावाची ओढ लागली. तेव्हाचे बहुतेक खेळ मारामारीवर चालत. वादांना लढाई नसलेला खेळ हवा होता आणि त्यांनी सुरुवात केली ती गायीपासून. गाय पाळायची, तिची निगा राखायची, एवढंच आधी करून पाहिलं. पण नुसत्या गायीवर खेळ रंगेना. मग पिकं आली, गाव आलं, सणवार आले, लग्नही आलं. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. इथे शेतात गाय आणून बांधलेली नाही, गायीच्या भोवती शेत वाढलेलं आहे.

काम अर्धवट असताना ते करून देणारी बाहेरची कंपनीच बुडाली. वादा आणि त्यांचे दोन सहकारी, अशा तिघांनी ते कसंबसं तडीला नेलं. ९ ऑगस्ट १९९६ रोजी सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी ‘बोकुजो मोनोगातारी’ बाजारात आला. १९९७मध्ये अमेरिकेत तो ‘हार्वेस्ट मून’ झाला.

जनावरं त्याआधीही खेळांत होती. १९९३च्या ‘सिमफार्म’मध्ये गुरं विकत घेता येत, विकता येत, पण ती जमाखर्चातली बाब होती. वादांच्या खेळात गायीला नाव ठेवावं लागतं. तिच्याशी रोज बोलायचं, ब्रशने खरारा करायचा. तिचा लळा वाढला की दुधाची बाटली लहानाची मध्यम, मध्यमाची मोठी होते. गवताचं बी पेरायचं, विळ्याने गवत कापून वैरण साठवायची, कारण हिवाळ्यात गवत उगवत नाही. उपाशी ठेवली तर गाय आजारी पडते. तरीही लक्ष दिलं नाही तर मरते. आणि एक बारीकशी सोय आहे, जी मला या खेळात सगळ्यात सुंदर वाटते. संध्याकाळी सहाला खेळातलं घड्याळ थांबतं. त्यानंतर गोठ्यात कितीही वेळ रमा, कुणी घाई करत नाही.

‘बोकुजो मोनोगातारी’ आला त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, जपानात तामागोची हे खिशातलं पाळीव खेळणं आलं. पडद्यावरच्या जिवाला रोज खाऊ घालणं हा खेळ होऊ शकतो, हे त्या वर्षी दोनदा सिद्ध झालं.

पुढे एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने ‘हार्वेस्ट मून’च्या प्रेमापोटी, चारेक वर्षं एकट्याने खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ बनवला. तो फेब्रुवारी २०१६मध्ये आला. दिनक्रम तोच, पण शिक्षा सौम्य. वैरण संपली तर गाय मरत नाही, रुसते. दूध देत नाही. नवख्यांना हे बरं वाटतं. माझं मन मात्र जुन्या नियमाकडे झुकतं. गाय दगावू शकते हे ठाऊक असलं की हिवाळ्याची वैरण आपण उन्हाळ्यापासून मोजू लागतो.

‘स्टारड्यू व्हॅली’त कामं हळूहळू यंत्रांकडे गेली. मोठ्या गोठ्यात वैरण आपोआप पडते, दूध आपोआप गोळा होतं. डिसेंबर २०२०च्या १.५ आवृत्तीत तर जनावरांना थोपटणारं यंत्रही आलं. पण बॅरोनने एक फरक शाबूत ठेवला आहे: यंत्राने थोपटलं तर जनावराचा जीव थोडाच जडतो, स्वतः जाऊन थोपटलं तर त्याहून जास्त.