शेवट कोणाचा? : ‘द गिव्हर’च्या एका वाचनाचा इतिहास

अमेरिकन लेखिका लोइस लोरी यांना ‘द गिव्हर’ (१९९३) या कादंबरीसाठी १९९४ साली न्यूबेरी पदक मिळाले. ते स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी वाचकांची काही मते सांगितली. त्यांतले एक सहावीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे होते. जोनस आणि गेब्रिएल यांचा प्रवास वर्तुळाकार होता. ते ज्या ‘अन्यत्र’ पोहोचले तो त्यांचाच जुना समाज होता, मात्र आता त्याने स्मृती आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या भावना स्वीकारल्या होत्या, असा त्या मताचा आशय. कुमारवयीन वाचकाच्या मताला समीक्षेत फार तर पुराव्याचे स्थान मिळते, युक्तिवादाचे मिळत नाही. हे मत मात्र युक्तिवाद म्हणूनच तपासावे लागते.

कादंबरीतील समाजाने ‘समरूपता’ पत्करून युद्ध आणि भूक यांच्याबरोबर रंग, ऋतू, डोंगर आणि संगीतही घालवले आहे. समूहाचा सारा भूतकाळ एकाच व्यक्तीने सोसावा, अशी तेथील व्यवस्था. बाराव्या वर्षी जोनसची पुढचा ‘स्मृतिग्राहक’ म्हणून निवड होते; वृद्ध ‘दाता’ त्याला पहिली स्मृती देतो ती बर्फाच्या टेकडीवरून घसरगाडीने खाली येण्याची. जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या अर्भकाला आपले वडील सुई टोचून मारतात आणि त्या कृत्याला ‘मुक्त करणे’ हेच नाव आहे, हे जोनस पाहतो. पुढे तीच ‘मुक्ती’ ठरलेल्या गेब्रिएलला घेऊन तो पळतो. अखेरीस गारठलेल्या जोनसला टेकडीवर घसरगाडी सापडते, खाली दिवे दिसतात, गाणे ऐकू येते. मागे सोडलेल्या ठिकाणाहूनही संगीत आल्यासारखे त्याला वाटते. तो केवळ प्रतिध्वनी असेल, या शंकेवर कादंबरी थांबते.

या शेवटाची दोन वाचने रूढ झाली. एकात जोनस थंडीने मरतो आणि घसरगाडी ही मरणाऱ्या मनात परतलेली पहिली स्मृती ठरते. दुसऱ्यात तो वाचतो. दोन्ही वाचने एका मुलाच्या देहाचे काय झाले, एवढ्याच प्रश्नाशी थांबतात. सहावीतल्या वाचकाने विचारलेला प्रश्न वेगळा आहे: त्या समाजाचे काय झाले? दुष्कल्पनात्मक कादंबरीला हाच प्रश्न विचारायचा असतो, हे त्याला कोणी शिकवले नसावे.

संहितेत या वाचनाला आधार आहे. जोनसच्या आधी निवडलेल्या रोझमेरीने ‘मुक्ती’ मागून घेतली, तेव्हा तिला मिळालेल्या स्मृती समाजात परतल्या आणि लोक हादरून गेले. म्हणजे जोनस दूर गेला की त्याच्याजवळच्या स्मृतीही लोकांकडे परतणार. त्या पेलायला मदत करण्यासाठीच दाता मागे राहतो. त्याहून महत्त्वाचा धागा संगीताचा आहे. निघण्यापूर्वी दाता जोनसला संगीताची स्मृती देऊ करतो. जोनस ती नाकारतो, तुम्हीच ठेवा म्हणतो. म्हणून मागून येणारे संगीत ही दात्याच्या बाजूची खूण ठरते: ज्या समाजात गाणे नव्हते तेथे ते सुरू झाले असावे. समोरचे आणि मागचे गाणे एकच, हे मानले की ‘प्रतिध्वनी’ हा शब्द शंकेचा न राहता जवळजवळ वर्णनाचा होतो.

वाचनाची अडचणही तितकीच खरी आहे. जोनसच्या समाजात बर्फ नाही, टेकडी नाही. आणि मागचे ठिकाण फार दूर असल्याचे निवेदन सांगते. भूगोलाच्या पातळीवर वर्तुळ पूर्ण होत नाही. तरीही इझरने ज्याला संहितेतील रिक्त जागा म्हटले ती येथे मनमानीने भरलेली नाही. संहितेनेच पुरवलेल्या द्रव्याने भरलेली आहे. रूढ वाचनांपैकी पहिले घसरगाडीचा अर्थ लावते आणि संगीत सोडून देते. दुसरे दोन्ही गोष्टी जशाच्या तशा स्वीकारते. वर्तुळाचे वाचन टेकडी सोडते. काय सोडले यावरून वाचनाची किंमत करायची, तर मुलाचे पारडे हलके नाही.

अमेरिकेतील काही शाळांत पालकांनी या पुस्तकाला हरकत घेतली; अर्भकहत्येचा प्रसंग त्या वयाच्या मुलांना पेलणार नाही, हे एक कारण. कोणी काय जाणावे हे वडीलधाऱ्यांनी ठरवण्याविषयीच्या कादंबरीवर असा आक्षेप यावा, यातला उपरोध उघड आहे.

१९९४ च्या भाषणात लोरींनी शेवटाचा एकच खरा अर्थ सांगण्याचे नाकारले होते. पुढे त्यांनीच ती जागा भरली. ‘गॅदरिंग ब्लू’ (२०००) मध्ये एका निळ्या डोळ्यांच्या मुलाचा ओझरता उल्लेख आला. ‘मेसेंजर’ (२००४) मध्ये जोनस दुसऱ्याच एका गावाचा नेता म्हणून वावरतो. ‘सन’ (२०१२) मध्ये गेब्रिएल आणि त्याची जन्मदात्री यांची कथा पूर्ण होते. कथानकाच्या हिशेबाने वर्तुळाचे वाचन बाद झाले. परंतु पुढील ग्रंथ मागील ग्रंथाचे वाक्य बदलत नाही. तो त्या वाक्याचे आणखी एक वाचन असतो, अधिकाराने जड झालेले इतकेच. लोरींनी जोनसला वाचवले, आणि त्यासाठी त्याला नवे गाव दिले. मुलाने मात्र जुने गाव बदलू शकते असे मानले होते. पलायनापेक्षा परिवर्तन मागणारे हे वाचन लेखिकेच्या उत्तरापेक्षा अधिक कठोर आहे, आणि पहिल्या कादंबरीतील दात्याच्या मागे राहण्याला तेच अधिक न्याय देते.

याउस म्हणतो त्या अपेक्षाक्षितिजाच्या दृष्टीने पाहता येथे दोन पिढ्या वेगळ्या पडतात. १९९३ नंतरच्या पहिल्या वाचकांना जोनसचे पुढे काय झाले हे ठाऊक नव्हते आणि कळण्याची खात्रीही नव्हती. आजच्या विद्यार्थ्यापुढे चारही पुस्तके एका मालिकेच्या रूपाने येतात. टेकडीवर पोहोचण्याआधीच जोनस जगणार आहे हे त्याला माहीत असू शकते.