शंकेखोर फादर

पंचहौद मिशन म्हटले की पुणेकराला १८९० सालचा चहा आठवतो. टिळक, रानडे तिथे गेले, चहा पुढे आला आणि मग ग्रामण्य उभे राहिले. त्या चहाने आपल्या इतिहासात जरा जास्तच जागा अडवली आहे! त्यामुळे त्याच मिशनशी जोडलेले एक नाव मागे पडले. फादर नेहेम्या गोरे, म्हणजे मूळचे नीळकंठशास्त्री गोरे.

घराणे कोकणस्थ. जन्म १८२५ मध्ये बुंदेलखंडात, शिक्षण काशीत. विशीत असताना मिशनऱ्यांना निरुत्तर करावे म्हणून त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातला एक मुद्दा फार बोचरा होता. जन्म एकच, पाप मोजके, आणि शिक्षा मात्र कायमच्या नरकाची, हा कुठला न्याय? पुनर्जन्म मानणाऱ्या माणसाला हे पटणे अवघडच. आणि याच शास्त्रीबुवांनी १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला.

आता तो प्रश्न त्यांच्याच घरात शिरला. पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाली, पण १८५३ मध्ये मुलीच्या जन्मानंतर लवकरच वारली. बाकी गणगोत जुन्याच धर्मात. १८७० मध्ये गोरे अँग्लिकन धर्मगुरू झाले. त्या पंथाच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात गुड फ्रायडेसाठी एक प्रार्थना आहे. ज्यू, तुर्क, श्रद्धाहीन आणि पाखंडी या सर्वांना देवाने आपल्या कळपात आणावे, अशी. विलायतेतल्या पाद्र्याला ही माणसे दूरदेशीची. गोऱ्यांच्या बाबतीत त्या ‘श्रद्धाहीनां’त त्यांचे आप्त, त्यांचे काशीचे सहाध्यायी बसलेले! ज्यांच्याकडून वेदान्त शिकला, त्यांच्या तारणासाठी हात जोडायचे, आणि स्वतःच्या मनात मात्र शंका ठाण मांडून बसलेल्या.

शंकांनी त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. त्यांनी त्या लपवल्याही नाहीत. षड्दर्शनांचे खंडन करणारा हा पंडित स्वतःच्या श्रद्धेचीही तशीच उलटतपासणी घेत असे. १८७६ मध्ये ते काउली फादर्सच्या संघात उमेदवार म्हणून गेले. अखेरची व्रते मात्र त्यांनी कधीच घेतली नाहीत. यात त्या शंकेखोर स्वभावाचा वाटा असावा, असे मला वाटते. काहींना हा दुबळेपणा वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. ज्याला शंका ठाऊक आहे, तोच दुसऱ्याच्या शंकेशी नम्रपणे बोलू शकतो.

याचा पुरावा पंडिता रमाबाई. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, तेव्हा गोऱ्यांशी त्यांची ओळख झाली. विलायतेत गेल्यावर २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, हे त्यांनीच नमूद केले आहे. पण गुरूसारखीच शिष्या! त्रैक्याच्या सिद्धान्तावरून रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून किती वाद घातला! बाप्तिस्मा झाला म्हणून बुद्धी गहाण पडली, असे त्यांनी कधी मानले नाही.

गोरे १८९५ मध्ये मुंबईत निवर्तले. त्यानंतर १० वर्षांनी, जानेवारी १९०५ मध्ये, केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी रोजच्या सामुदायिक प्रार्थनेसाठी मुलींना हाक दिली. सुरुवातीला ७० जणी आल्या. जूनअखेर दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० वर गेली होती.